जन्म रेडरुथचा, पण कुठल्या रेडरुथचा? ऑस्ट्रेलियातल्या वसाहतकरी घरातल्या मुलाचं बालपण शोधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासऱ्यांचे पणजोबा १९०९ साली व्हिक्टोरियात हॉर्शमजवळ वारले, वय ६०. मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थळ नुसतंच ‘रेडरुथ’. वडील खाणकामगार, आईचं फक्त नाव, माहेरचं आडनाव ‘माहीत नाही’. वसाहतींतलं वास्तव्य साउथ ऑस्ट्रेलियात २५ वर्षं, व्हिक्टोरियात ३४ वर्षं. लग्न तेविसाव्या वर्षी, साउथ ऑस्ट्रेलियातल्या मूंटा या तांब्याच्या खाणींच्या गावी. माहिती देणारा जावई. घरातले सगळे म्हणतात की मंडळी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची. तिथे १८४९ च्या आसपास त्याच नावाची चार मुलं सापडतात. ऑनलाइन वंशवृक्षांत कुणीतरी त्यातलं एक जोडून टाकलंय आणि जन्मापासून लग्नापर्यंतचा काळ कोरा आहे.

त्या चारांपैकी खरा कोण, हे ठरवायला आत्ता बसू नका. आधी दाखल्यावरची बेरीज करा. २५ आणि ३४ मिळून ५९, आणि वय ६०. म्हणजे हा माणूस एक तर तान्हा असताना बोटीतून आला किंवा बोटीत चढलाच नाही, तिथेच जन्मला. दुसरी शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण साउथ ऑस्ट्रेलियातही रेडरुथ आहे.

अॅडलेडच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर बर्रा या गावी १८४५ मध्ये तांब्याची मोठी खाण सुरू झाली. खाणीत उतरायला कॉर्नवॉलची माणसं आली आणि येताना गावांची नावंही घेऊन आली. खाण कंपनीने वसवलेली वस्ती कूरिंगा, तिच्या शेजारी सरकारी आखणीची वस्ती रेडरुथ, जवळच कॉपरहाउस, स्कॉटिश मंडळींची अॅबर्डीन. पुढे हे सगळं मिळून बर्रा. एकाच कुटुंबातल्या तीन मुलांच्या नोंदींत जन्मस्थळ ‘बर्रा बर्रा’, ‘कूरिंगा’ आणि ‘रेडरुथ’ असं वेगवेगळं दिसलं, तर कुटुंब तीनदा हललं असं समजू नका. ट्रुरो आणि कॅलिंग्टन ही कॉर्नवॉलमधली नावंही साउथ ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर आहेत, तिथेही हाच घोळ होतो.

त्यात आणखी एक रेडरुथ आहे. इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, ती नोंदणी-जिल्ह्यांनुसार. रेडरुथ नावाच्या नोंदणी-जिल्ह्यात रेडरुथ शहराखेरीज कॅम्बोर्न, ग्वेनॅप, इलोगन, स्टिथियन्स असे मोठे पॅरिश (चर्चच्या हद्दीनुसारचे विभाग) येत होते. सूचीत ‘रेडरुथ’ दिसलं म्हणून मूल रेडरुथ शहरात जन्मलं असं होत नाही. तुम्हाला मिळालेली चार मुलं या सगळ्या भागातली आहेत, आणि पाचवा उमेदवार साउथ ऑस्ट्रेलियात असू शकतो.

आता पद्धतीबद्दल. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत एका पानावर चार पिढ्या मिळतात, तसं बाड तिथे कुठेच नाही. वसाहतीत वाढलेल्या पोराच्या नावावर लग्नाआधी बहुधा एक-दोनच कागद तयार होत: जन्म किंवा बाप्तिस्मा, आणि फार तर बोटीच्या यादीतली एक ओळ. त्यामुळे त्याच्या नावाने कितीही शोध घेतला तरी हाती काही लागत नाही. त्याचं बालपण आईच्या मृत्यूच्या दाखल्यात, धाकट्या भावाच्या जन्मनोंदीत, थोरल्या बहिणीच्या लग्नात, बापाच्या मृत्युपत्रात विखुरलेलं असतं. शोध घ्यायचा तो आईबाप आणि भावंडांचा. एकट्या मुलाच्या मागे लागणारे वर्षानुवर्षं अडकून पडतात.

यासाठी कुठल्या वसाहतीचा दाखला काय सांगतो हे पाठ हवं. ऑस्ट्रेलिया हा देश १९०१ चा. त्याआधी सहा स्वतंत्र वसाहती होत्या आणि प्रत्येकीची नोंदणी वेगळ्या दिवशी सुरू झाली: टास्मानिया डिसेंबर १८३८, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया १८४१, साउथ ऑस्ट्रेलिया जुलै १८४२, व्हिक्टोरिया १ जुलै १८५३, न्यू साउथ वेल्स १ मार्च १८५६. क्वीन्सलँड डिसेंबर १८५९ मध्ये वेगळं झालं, त्याआधीच्या नोंदी न्यू साउथ वेल्सच्या. नोंदणी लवकर सुरू झाली म्हणजे नोंदी चांगल्या, असं मात्र नाही. उलट आहे. व्हिक्टोरिया उशिरा आली, पण तिचे फॉर्म त्या काळात जगातल्या सर्वांत तपशीलवार फॉर्मपैकी होते. जन्माच्या दाखल्यावर बाळाखेरीज बापाचं वय, धंदा, जन्मस्थळ, आईचं माहेरचं आडनाव, वय, जन्मस्थळ, दोघांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण, आधीच्या मुलांची नावं, जिवंत किती आणि गेलेली किती. लग्नाच्या दाखल्यावर दोघांचे आईबाप, आयांची माहेरची आडनावं, जन्मस्थळं. मृत्यूच्या दाखल्यावर आईबाप, जन्मस्थळ, कुठल्या वसाहतीत किती वर्षं, लग्न कुठे, कितव्या वर्षी, कुणाशी, आणि मुलांची नावं वयासकट.

साउथ ऑस्ट्रेलियाने इंग्लंडचा नमुना उचलला, त्यामुळे त्या काळातले तिचे दाखले अंगाने रोडके. जन्मात मुलाचं नाव, तारीख, ठिकाण, आईबापांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, बापाचा धंदा. आईबापांचं वय, जन्मस्थळ, लग्न काहीच नाही. जुन्या मृत्युनोंदीत आईबापही नाहीत. तुमचं कुटुंब पंचवीस वर्षं या रोडक्या वसाहतीत आणि चौतीस वर्षं त्या श्रीमंत वसाहतीत राहिलं. तेव्हा साउथ ऑस्ट्रेलियातल्या बालपणाचा पुरावा व्हिक्टोरियाच्या कागदांतून काढायचा, हा तुमच्या प्रकरणातला मुख्य डाव.

पहिलं काम स्वस्त आहे. मंडळी १८७५ च्या सुमाराला विमेरात, म्हणजे हॉर्शमच्या आसपासच्या प्रदेशात, आली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या जन्मनोंदी व्हिक्टोरियाच्या निबंधक कार्यालयाच्या सूचीत शोधा. जन्माच्या नोंदी १०० वर्षांनी, लग्नाच्या ६० वर्षांनी आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी खुल्या होतात, त्यामुळे अडचण नाही. सूचीत बापाचं जन्मस्थळ दिसत नाही, त्यासाठी मूळ नोंदीची प्रतिमा विकत घ्यावी लागते. कायदेशीर शिक्क्याची प्रत महाग असते. संशोधनाला बिनशिक्क्याची डिजिटल प्रत पुरते आणि ती लगेच उतरवता येते. सगळ्या मुलांच्या घेऊ नका. व्हिक्टोरियात जन्मलेल्या पहिल्या मुलाची घ्या, मग मधल्या एखाद्याची, आणि जमल्यास शेवटच्याची. प्रत्येक दाखल्यावर ‘माहिती देणारा’ हा रकाना आधी वाचा. बाप स्वतः असेल तर त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं वय आणि जन्मस्थळ तुमच्या हातात येतं, तेही तो सव्वीस-तीस वर्षांचा असताना. साठाव्या वर्षी तो गेल्यावर जावयाने सांगितलेल्या माहितीपेक्षा याचं वजन कितीतरी जास्त. जावयाला बायकोच्या आजीचं माहेर ठाऊक नसणं यात नवल काय?

तीन दाखल्यांवरची बापाची वयं वजा करून जन्मवर्षाचा पट्टा काढा. दोन-तीन वर्षांचा फरक नेहमीचाच, त्यावर डोकं धरून बसू नका. जन्मस्थळ मात्र अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. ‘बर्रा, साउथ ऑस्ट्रेलिया’ असं एकदा जरी आलं तरी कॉर्नवॉलची चारही मुलं बाजूला ठेवा. ‘रेडरुथ, कॉर्नवॉल’ किंवा ‘ग्वेनॅप’ असं आलं तर उलट. एका दाखल्यावर हे आणि दुसऱ्यावर ते असं आलं, तर बापाने स्वतः सांगितलेलं आणि आधीचं, ते वरचढ.

दुसरं काम, भावंडं. इथे इतिहास तुमच्या बाजूने आहे. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि १८५२ मध्ये बर्राची खाण जवळजवळ ओस पडली, खाणकामगार कासलमेन, बेंडिगोकडे गेले. काहींनी बायकामुलं मागे ठेवली, काही सगळं बिऱ्हाड घेऊन गेले, बरेचसे दोन-चार वर्षांत परतले. या काळात कुटुंबात एखादं मूल व्हिक्टोरियाच्या सोनभूमीवर १ जुलै १८५३ नंतर जन्मलं आणि नोंदलं गेलं असेल, तर त्याच्या जन्मदाखल्यावर आईबापांची वयं, जन्मस्थळं, लग्नाची तारीख आणि ठिकाण, आणि ‘आधीची मुलं’ या रकान्यात तुमच्या पूर्वजाचं नाव, चार-पाच वर्षांचा म्हणून, सगळं एका कागदावर मिळतं. हा कागद मिळण्याची हमी नाही. तंबूंतल्या जन्मांची नोंद बऱ्याचदा झालीच नाही. पण शोधायला वेळ फारसा लागत नाही: व्हिक्टोरियाच्या सूचीत १८५३ ते १८६० हा काळ, आडनाव, आणि बापाचं किंवा आईचं पहिलं नाव. मुलाचं नाव रिकामं ठेवा.

आईचं माहेरचं आडनाव मिळवायला भावंडांच्या लग्नांचा उपयोग होतो. एखादी बहीण किंवा भाऊ व्हिक्टोरियात लग्न करून राहिला असेल, तर त्याच्या लग्नाच्या दाखल्यावर ते आडनाव असतं आणि वधूवरांनी स्वतः सांगितलेलं असतं. आईबापांपैकी कुणी म्हातारपणी मुलांबरोबर विमेरात आलं आणि तिथेच वारलं असेल, तर त्यांचा मृत्यूचा दाखला आधी घ्या. आईच्या दाखल्यावर तिची सगळी मुलं वयासकट, गेलेली मुलं ‘मृत’ म्हणून, आणि वसाहतीत किती वर्षं हे असतं. त्या वर्षांवरून बोटीचा पट्टा बांधता येतो. आकडा पन्नास किंवा चाळीस असा गोल असेल तर मागेपुढे तीन वर्षं धरा.

एक सापळा इथेच सांगतो. सावत्र बाप. खाणीत माणसं मरत, विधवा बाई चार पोरं घेऊन वर्षभराच्या आत दुसरं लग्न करी, आणि धाकटी मुलं नव्या बापाच्या आडनावाने वाढत. मुलगा लग्नात आणि मृत्यूत तेच आडनाव लावतो आणि जन्मनोंद मात्र दुसऱ्याच नावाने. जन्म कुठेच सापडत नसेल तर साउथ ऑस्ट्रेलियाच्या लग्नांत आईचं पहिलं नाव आणि ‘विधवा’ असं शोधून बघा. मूंटाच्या लग्नाच्या दाखल्यावरचं बापाचं नाव आणि हॉर्शमच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं बापाचं नाव जुळत नसेल, तर हा संशय पहिला घ्यायचा. तो मूंटाचा दाखला तुम्ही अजून घेतलेला दिसत नाही. साउथ ऑस्ट्रेलियाचा असला तरी तो घ्या: नवऱ्यामुलाने स्वतः, ऐन तारुण्यात दिलेली माहिती आहे, आणि साक्षीदार म्हणून सही करणारे बरेचदा भाऊ, बहीण, मेहुणे असतात.

आता शाखा पहिली: जन्म साउथ ऑस्ट्रेलियात. जन्मनोंदींची सूची १८४२ पासून आहे. जिनिऑलॉजी एसए या अॅडलेडच्या संस्थेच्या साठ्यात ती शोधता येते. १८४८ ते १८५२ हा पट्टा, आडनाव, बापाचं नाव. आडनावाचं लेखन सैल ठेवा. खाणीतल्या माणसाला सही येत नसेल तर कारकुनाने कानाला ऐकू आलं ते लिहिलं, आणि कॉर्निश उच्चारात शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ बऱ्याचदा गळतो. ‘ह’ने सुरू होणारी आडनावं ‘ह’शिवायही शोधा.

नोंद नसेल तर घाबरू नका. त्या काळात नोंदणी-जिल्हे अवाढव्य होते, निबंधक कित्येक मैलांवर, आणि रोजंदारी सोडून जायला कोण तयार? १८५१ मध्ये बर्राच्या ओढ्याच्या काठात कोरलेल्या भुयारघरांत सुमारे १,८०० माणसं राहत होती. त्या वर्षी आलेल्या पुरांनी ती घरं धुऊन काढली. अशा बिऱ्हाडांतली जी पोरं लवकर दगावली, त्यांची तर जन्म-मृत्यू दोन्ही नोंद नसण्याची शक्यता. इथे बाप्तिस्म्याची वही उपयोगी पडते. कॉर्निश खाणकामगार बहुतांशी मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे: वेस्लियन, प्रिमिटिव्ह मेथडिस्ट आणि बायबल ख्रिश्चन या तीन वेगळ्या शाखा, तिघांच्या वह्या वेगळ्या. बायबल ख्रिश्चन शाखेचे पाद्री जेम्स वे १८५० मध्ये वसाहतीत आले, त्यामुळे १८४९ चा बाप्तिस्मा त्या शाखेत शोधण्यापेक्षा वेस्लियन वहीत आणि अँग्लिकन चर्चमध्ये आधी पाहा. पाद्रीच नव्हता म्हणून बाप्तिस्मे थकत, मग एकाच दिवशी तीन-चार भावंडांना उरकलं जाई. म्हणून १८४९ ची नोंद १८५५ पर्यंत शोधा, आणि एक सापडली की वरच्या-खालच्या ओळी वाचल्याशिवाय पान उलटू नका. या शाखा पुढे एकत्र येऊन आज युनायटिंग चर्चमध्ये आहेत. जुन्या वह्यांचा मोठा भाग अॅडलेडला स्टेट लायब्ररी ऑफ साउथ ऑस्ट्रेलियात मिळतो.

शाखा दुसरी: जन्म कॉर्नवॉलचा. इथे बहुतेक लोक १८५१ च्या जनगणनेवर उडी मारतात. ती ३० मार्च १८५१ ची. तुमची बेरीज खरी असेल तर कुटुंब १८५० च्या सुमाराला वसाहतीत होतं, म्हणजे ते त्या जनगणनेत असता कामा नये. हीच तुमच्या चार उमेदवारांना लावायची चाळणी. चौघांना १८५१ आणि ७ एप्रिल १८६१ च्या जनगणनेत शोधा आणि १८४९ ते १८६१ मधल्या मृत्युनोंदींत शोधा. जो १८६१ मध्ये कॅम्बोर्नच्या खाणीवर काम करताना दिसतो, तो १८७२ ला मूंटाला येऊ शकतो, पण मग साउथ ऑस्ट्रेलियातली पंचवीस वर्षं कुठे बसवणार? जो तिसऱ्या वर्षीच वारला तो तर बाद. वंशवृक्षात जोडलेला मुलगा या दोन परीक्षा उतरतो का हे आधी बघा. निम्म्या चुकीच्या जोडण्या इथेच सुटतात, कारण जोडणाऱ्याने त्याच्या मृत्यूची नोंद शोधलेलीच नसते.

माहेरचं आडनाव एव्हाना मिळालं असेल तर काम सोपं. इंग्लंडच्या महानिबंधक कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासूनच्या जवळजवळ प्रत्येक जन्मापुढे आईचं माहेरचं आडनाव दिलं आहे. जुन्या तिमाही सूचीत ते १९११ पासूनच होतं, म्हणून जुन्या पुस्तकांतला सल्ला आता बदलला आहे. मुलाचं पहिलं नाव रिकामं ठेवून आडनाव, माहेरचं आडनाव आणि रेडरुथ जिल्हा घाला, १८३८ ते १८५२. भावंडांची सगळी साखळी एका नजरेत येते. पोरं साधारण दोन-दोन वर्षांनी होत. मधे चार वर्षांचा खंड असेल तर एक मूल नोंदलं गेलं नाही किंवा बाप दूरच्या खाणीवर होता. एकच नाव दोनदा आलं तर पहिलं मूल वारलं. साखळी जिथे तुटते आणि साउथ ऑस्ट्रेलियाच्या सूचीत त्याच आईबापांची पुढची मुलं जिथे सुरू होतात, त्या दोन तारखांच्या मधे तुमची बोट आहे. बोट शोधायचा यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही. नोंदणी न करणाऱ्याला दंड करण्याची तरतूद १८७४ च्या कायद्याने कडक झाली, त्याआधी काही मुलं सुटलीच. त्यांच्यासाठी पॅरिशच्या वह्या आहेत, आणि कॉर्नवॉलच्या पॅरिश वह्यांच्या नकला स्वयंसेवकांनी मोफत उपलब्ध केल्या आहेत. मूळ कागद रेडरुथच्या क्रेसेन केर्नो या दप्तरखान्यात. आईबापांना १८४१ च्या जनगणनेत शोधताना एवढं लक्षात ठेवा की पंधरा वर्षांवरच्यांची वयं खाली पाचाच्या पटीत उतरवलेली आहेत. २४ वर्षांचा तरुण २० चा दिसतो.

बोटीबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यांना तिचाच सोस असतो. साउथ ऑस्ट्रेलिया ही कैद्यांची वसाहत नव्हती. जमीन विकून आलेल्या पैशातून मजुरांना फुकट किंवा स्वस्तात आणलं जाई. प्रवास तीन ते चार महिन्यांचा. यादीत बापाचं नाव, वय, धंदा, कधी परगणा, आणि मुलांच्या जागी बऱ्याचदा नुसता आकडा. ‘बायको आणि ३ मुलं’. त्यामुळे मुलाच्या नावाने यादी शोधणं व्यर्थ. वयांवरही विसंबू नका: फुकट प्रवासाच्या नियमांत वयाची मर्यादा असे आणि फार लहान पोरांचा लटांबळा नको असे, म्हणून चाळिशीपुढचा बाप अडतीसचा होई. स्वखर्चाने आलेल्यांची नोंद आणखी तुटपुंजी, ती वर्तमानपत्राच्या जहाज-वार्तेत मिळते. साउथ ऑस्ट्रेलियातून व्हिक्टोरियात बैलगाडीने किंवा पायी गेलेल्यांची यादी कुणीच केली नाही, ती शोधू नका.

आणि बोट सापडली तरी बालपण सापडत नाही, हे सांगायला हवं. ते सापडतं ट्रोव्हवर. नॅशनल लायब्ररी ऑफ ऑस्ट्रेलियाचं हे मोफत संकेतस्थळ, जुनी वर्तमानपत्रं मुख्यतः १९५४ पर्यंत. पूर्वजाचं नाव टाकून दहा हजार निकाल बघत बसण्यापेक्षा असं करा. आधी त्याच्याऐवजी सर्वांत जास्त जगलेल्या भावंडाचा मृत्युलेख शोधा. १९१० ते १९३५ या काळात गावोगावची पत्रं ‘जुन्या वसाहतकऱ्याचं निधन’ अशा मथळ्याखाली लांबलचक मजकूर छापत: आईबाप कुठल्या बोटीतून आले, बर्राला कुठे राहिले, मूंटाला कधी गेले, विमेरात जमीन कधी घेतली. म्हाताऱ्या बहिणीच्या मृत्युलेखात तुमच्या पूर्वजाचं बालपण तीन ओळींत सापडू शकतं. बहीण तिच्या नावाने नव्हे, नवऱ्याच्या आडनावापुढे ‘मिसेस’ लावून शोधायची. आडनाव आणि गाव अवतरणचिन्हांत घाला, राज्य आणि दशक निवडा, आणि ‘कौटुंबिक सूचना’ हा विभाग वेगळा तपासा. जाहिरातीच्या शेवटी ‘कॉर्निश पत्रांनी कृपया पुनर्मुद्रण करावं’ अशी ओळ दिसली, तर मूळ गावाशी नातं अजून जिवंत आहे असं समजा. तिकडच्या पत्रात त्याच बातमीत गावाचं नाव असण्याची शक्यता मोठी. यंत्राने वाचलेला मजकूर चुकांनी भरलेला असतो. जुन्या छपाईतले एन आणि यू, सी आणि ई यांची अदलाबदल होते. आडनावातली ती अक्षरं बदलून पुन्हा शोधा. हॉर्शम टाइम्स, साउथ ऑस्ट्रेलियन रजिस्टर, अॅडलेड ऑब्झर्व्हर आणि वॉलरू टाइम्स ही तुमच्या कामाची पत्रं.

जनगणनेची अपेक्षा सोडा. ऑस्ट्रेलियात नावानिशी भरलेले जनगणनेचे कागद मोजून झाल्यावर नष्ट केले गेले. न्यू साउथ वेल्सची १८२८ ची, साउथ ऑस्ट्रेलियाची १८४१ ची अशी थोडीच उरली. शाळेचीही फार आशा धरू नका. साउथ ऑस्ट्रेलियात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १८७५ चा, तोवर तुमचा पूर्वज बायकोसह विमेराच्या वाटेवर होता. बर्रा आणि मूंटात खाणकामगारांची पोरं आठ-दहा वर्षांची झाली की जमिनीवर खनिज निवडायच्या कामाला लागत. लग्नाच्या दाखल्यावर त्याने सही केलीय की फुलीची खूण, एवढाच त्याच्या शिक्षणाचा पुरावा बहुधा मिळेल. १८५२ मध्ये बाप सोन्याच्या मागे गेला आणि आई मागे राहिली असेल, तर अॅडलेडच्या डेस्टिट्यूट बोर्डाच्या (निराधारांना मदत देणाऱ्या सरकारी मंडळाच्या) कागदांत शिधा मागणाऱ्या बायकांत तिचं नाव आहे का बघा. हे कागद स्टेट रेकॉर्ड्स ऑफ साउथ ऑस्ट्रेलियात आहेत.

विमेरातल्या जमिनीची फाइल मात्र सोडू नका. व्हिक्टोरियाच्या १८६९ च्या जमीन कायद्याने एका माणसाला ३२० एकरांपर्यंत जमीन निवडता येत होती. तीन वर्षांचा परवाना, एकरी वर्षाला २ शिलिंग, जमिनीवर राहण्याची अट, एकरी १ पौंडाची सुधारणा आणि दहावा हिस्सा लागवड. तीन वर्षांनी भाडेपट्टा मागताना घराची लांबी-रुंदी, कुंपण किती साखळ्या (लांबी मोजायचं जुनं माप), पीक किती एकर, कुटुंबात माणसं किती, हे सगळं लिहून द्यावं लागे. बाजूला भावाने किंवा बापाने जमीन घेतली असेल, तर त्यांच्या फाइली नकाशावर शेजारी दिसतात. शेजारच्या दोन-तीन फाइलींत आईचा पत्ता किंवा सासऱ्याची हमी सापडण्याचे प्रसंग नेहमीचे. या फाइली मेलबर्नच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिस व्हिक्टोरियात आहेत. शोधायला पॅरिशचं (इथे जमीन-मोजणीच्या विभागाचं) नाव आणि भूखंडाचा क्रमांक लागतो, आणि तो पॅरिशच्या नकाशावर मालकाच्या नावासह छापलेला असतो. तिथेच इन्क्वेस्टच्या (आकस्मिक मृत्यूच्या चौकशीच्या) आणि मृत्युपत्रांच्या फाइली आहेत. बाप साउथ ऑस्ट्रेलियात वारला असेल तर त्याचं मृत्युपत्र अॅडलेडच्या प्रोबेट नोंदींत (कोर्टाने मान्य केलेल्या मृत्युपत्रांत) पाहा. मुलांची नावं आणि लग्न झालेल्या मुलींची सासरची आडनावं त्यातच मिळतात.

डीएनए चाचणीचा मोह आत्ता आवरा. कॉर्नवॉलच्या खाणपट्ट्यात नात्यातली लग्नं मुबलक, त्यामुळे जुळणारे शेकडो दूरचे नातलग मिळतील आणि त्यांतल्या निम्म्यांच्या झाडावर तोच चुकीचा मुलगा बसलेला असेल. कागदांवरून आईचं माहेर पक्कं झालं की मग चाचणी, आणि तीही सासऱ्यांची, नवऱ्याची नको. एक पिढी जवळची मिळते.

पैसे आणि वेळ मोजून खर्च करायचा असेल तर आज दोनच गोष्टी मागवा: मूंटाच्या लग्नाचा दाखला आणि १८७५ नंतर व्हिक्टोरियात जन्मलेल्या पहिल्या मुलाच्या जन्मनोंदीची प्रतिमा. लग्नाच्या दाखल्यावर ‘बाप’ आणि मुलाच्या जन्मनोंदीत बापाचं ‘जन्मस्थळ’ काय लिहिलंय त्यावर वरच्यापैकी कुठल्या शाखेने जायचं ते ठरेल. तोवर कॉर्नवॉलच्या त्या चार मुलांपैकी एकावरही शिक्कामोर्तब करू नका.